खो कोणी दिला?

खो-खोच्या सामन्याची बातमी मराठी वर्तमानपत्रात कशी येते ते आठवून बघा. विजयी संघातल्या तीन-चार नावांपुढे आकडे असतात: इतकी मिनिटं संरक्षण, इतके गडी बाद. मग ‘यांनी सुरेख साथ दिली’ असं म्हणून आणखी दोन-तीन नावं, आणि बातमी संपते. एवढ्यावरून कोण किती वेळ पळालं आणि कोणी किती गडी टिपले हे कळतं. पण तो गडी हाताशी आणून कोणी दिला, हे कुठेही लिहिलेलं नसतं. खेळाचं नाव खो-खो, आणि खो देणाऱ्याची नोंद मात्र नाही!

आपल्या सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत जळगाव-धुळे-नंदुरबारकडून आलेली हजारो कुटुंबं आहेत. त्यांच्यातल्या बहुतेक मोठ्या माणसांनी शाळेत खो-खो खेळलेला असतो, आणि बहुतेकांना तो सातवी-आठवीनंतर पुन्हा भेटलेला नसतो. मुलांना क्रिकेटची बॅट हवी असते. तरी महापालिकेच्या मराठी शाळांची मैदानं आणि दरवर्षीचा खेल महाकुंभ यांच्यामुळे खो-खो इथे अजून तग धरून आहे. म्हणून नियमांची थोडी उजळणी करतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

मैदानाच्या दोन टोकांना दोन खांब, मध्ये सरळ मध्यपाटी. तिच्यावरच्या चौकोनांत आठ खेळाडू बसलेले, एकाचं तोंड इकडे तर शेजारच्याचं तिकडे. नववा उठून पाठलाग करतो. धावणारे तिघं एका वेळी आत येतात आणि त्यांना मोकळीक असते: हव्या त्या दिशेला वळावं, बसलेल्यांच्या मधून हवं तेव्हा पलीकडे जावं. पाठलाग करणाऱ्याला यातलं काहीच चालत नाही. मध्यपाटी ओलांडायची नाही, एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे फिरायचं नाही. धावक पलीकडे गेला तर एकच उपाय: ज्याची पाठ आपल्याकडे आहे अशा बसलेल्या गड्याच्या पाठीवर थाप मारून ‘खो’ म्हणायचं, त्याच्या जागी बसायचं आणि तो उठून पलीकडच्या बाजूला धावेल ते बघायचं.

म्हणजे पाठलाग करणारा खेळाडू अर्धा बांधलेला असतो, आणि ही बांधलेली स्थिती सोडवण्याचं एकमेव साधन खो आहे. खो-खोचं सगळं डोकं इथे आहे.

समजा, एक चपळ मुलगी साखळी धरून पळते आहे. बसलेल्यांच्या मधून नागमोडी, एकदा या अंगाला, एकदा त्या. मागे लागलेली मुलगी वेगवान आहे. धावक पलीकडे गेली की ती लगेच जवळच्या पाठीवर थाप मारते, ‘खो!’ नवी मुलगी उठते. पण तोवर धावक पुन्हा अलीकडे आलेली असते. पुन्हा खो, पुन्हा अलीकडे-पलीकडे. प्रेक्षकांना वाटतं, काय जोरदार खेळ चालला आहे! पाच-सहा खो धडाधड झाले, आवाजाने मैदान दणाणलं, आणि धावक जिथे होती तिथेच आहे. उलट तिचा दम अजून शाबूत आहे, कारण तिला दोन-दोन पावलांपलीकडे पळावंच लागलेलं नाही.

आता दुसरी मुलगी बघा. ती तितकी वेगवान नाही. धावक पलीकडे गेली तरी ती पहिली पाठ सोडून देते. एक क्षण उशीर झाल्यासारखा वाटतो, कडेला उभे असलेले ओरडतात, ‘अगं दे ना!’ पण ती धावकाच्या पायांकडे बघत असते. धावकाचं वजन पुढच्या पायावर गेलं, आता तिला त्याच पावलावर मागे फिरता येणार नाही, त्या क्षणी ती पुढच्या पाठीवर थाप मारते. उठणारी मुलगी धावकाच्या मागे न उठता तिच्या समोर उठते. धावकाला आता साखळी तोडून मोकळ्या बाजूला किंवा खांबाकडे पळावं लागतं. खांबाशी तर वळसा मोठा पडतो, आणि पाठलाग करणारीला तिथे दिशा बदलण्याची मुभा मिळते. आणखी एक खो, आणि खांबाजवळ तिसऱ्याच कोणी सूर मारून गडी टिपला. टाळ्या कोणाला? सूर मारणारीला. गुणपत्रकात काय लिहिलं जातं? बाद झालेल्या धावकाचा क्रमांक, वेळ आणि बाद करणारीचा क्रमांक. एक पाठ सोडून देण्याचा निर्णय घेणारी मुलगी तोवर पाटीवर बसलेली असते, पुन्हा कोणाच्या तरी पाठमोऱ्या थापेची वाट बघत.

यात धोकाही आहे, तो सांगायला हवा. खो देताना बसलेल्या गड्याची पाटी मागे पडली की तो खो चुकीचा ठरतो, पंच शिट्टी वाजवतात आणि पाठलाग करणाऱ्याला उलट्या दिशेला जावं लागतं. धावकाला फुकटचे तीन-चार सेकंद मिळतात. म्हणजे जी मुलगी थांबून विचार करते, तिच्याकडून कधीमधी फाऊल होणारच, आणि तो सगळ्यांना दिसणार. जी घाईने जवळचा खो देऊन मोकळी होते, तिच्या खात्यावर दोष येत नाही. आपण कौतुक करतो वेगाचं, मोजतो गडी आणि लक्षात ठेवतो फाऊल. या तिन्हींत ती दुसरी मुलगी मागे पडते.

हे मी कल्पनेने लिहीत नाही. गेली काही वर्षं शाळकरी मुलींचे सामने मैदानाच्या कडेला उभं राहून बघतो आहे. एका सामन्यात नऊपैकी पाच गडी एकाच मुलीच्या खोमुळे सापळ्यात आले होते. तिने स्वतः मात्र एकही गडी बाद केला नव्हता. पुढच्या फेरीसाठी संघ निवडताना तिचं नाव राखीव खेळाडूंत गेलं. तिची आई मला म्हणाली, “भाऊ, तिच्या नावापुढे काहीच नाही, मग काय सांगणार त्यांना?” शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या हातात जो कागद होता, त्यावर खरोखरच काही नव्हतं. आणि खो-खो हा आता नुसता हौसेचा खेळ राहिलेला नाही. रेल्वे, विमानतळ प्राधिकरण यांचे संघ आहेत, तिथे खेळाडू म्हणून नोकऱ्या लागतात. घरी यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणारा बाप असेल, तर राखीव आणि अंतिम नऊ यांतलं अंतर फार मोठं होतं.

मोठ्या स्पर्धांतही हेच. बक्षीस समारंभात सर्वोत्कृष्ट संरक्षक, सर्वोत्कृष्ट आक्रमक आणि अष्टपैलू असे तीन चषक बहुधा दिले जातात. आक्रमकाचा चषक ठरतो गड्यांवर.

दुसऱ्या खेळांनी या प्रश्नाचं काय केलं? ऑस्ट्रेलियात त्यांचा स्वतःचा फुटबॉल आहे, लंबगोल चेंडूचा, एका बाजूला अठरा खेळाडू. तिथे कोणाच्या पायातून-हातातून चेंडू किती वेळा पुढे गेला हे मोजायची जुनी सवय. तीस-तीस वेळा चेंडू हाताळणारा मध्यफळीतला खेळाडू आपोआप सामन्याचा नायक होतो. त्यांचा सर्वांत मानाचा ब्राउनलो पुरस्कार पंचांच्या मतांवर ठरतो आणि तोही बहुतेक वेळा अशाच खेळाडूंकडे जातो. मग लोक विचारू लागले, तीस वेळा चेंडू घेऊन त्याने केलं काय? आता तिथे कोणाच्या खेळीतून पुढे गुण झाला, चेंडू किती मीटर पुढे सरकला, हेही मोजतात. बर्फावरच्या हॉकीत तर गोल करणाऱ्याबरोबर त्याच्या आधीच्या दोन खेळाडूंपर्यंत श्रेय नोंदवलं जातं. खो-खोला हे अगदी चपखल बसतं, कारण आपल्याकडेही गडी बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या खोला पडतो.

क्रिकेटमधलं आपल्या घरचं उदाहरण म्हणजे नाशिकचे बापू नाडकर्णी. १९६४ च्या जानेवारीत मद्रास कसोटीत इंग्लंडविरुद्ध त्यांनी ३२ षटकं टाकली, त्यांतली २७ निर्धाव, धावा ५, बळी शून्य. लागोपाठ २१ षटकं निर्धाव. हा आकडा आपण विक्रम म्हणून सांगतो, थोडं हसूनही सांगतो, कारण शेवटी बळी शून्य. पण त्याच डावात दुसऱ्या बाजूने पुण्याच्या चंदू बोर्डे यांनी पाच बळी घेतले. एका टोकाला धाव मिळतच नाही म्हटल्यावर फलंदाज दुसऱ्या टोकाला काय करणार? निदान क्रिकेटच्या वहीत बापूंची निर्धाव षटकं लिहिली तरी गेली, म्हणून साठ वर्षांनी आपण त्यांच्याबद्दल बोलू शकतो. खो-खोतल्या बापूंची तीही सोय नाही.

या खेळाशी गुजरातेतल्या मराठी माणसांचं नातं जुनं आहे, हे आपल्या मुलांना सहसा माहीत नसतं. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधायला घेतले आणि पुढच्याच दशकात बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने आपली नियमावली काढली. खो-खोचा पहिला अर्जुन पुरस्कार १९७० चा, तो मिळाला सुधीर परब यांना. पुढच्या वर्षी अचला देवरे यांना. दोघंही गुजरातचे खेळाडू, नावं तुमच्या-आमच्या घरातली. २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गुजरातेत झाल्या तेव्हा सुरतेच्या वाट्याला टेबल टेनिस, बॅडमिंटन आणि समुद्रकिनाऱ्यावरचे खेळ आले, खो-खो अहमदाबादला गेला. इथे झाला असता तर लिंबायतहून बसगाड्या भरून माणसं गेली असती, अशी माझी खात्री आहे.

त्याच वर्षी पुण्यात बालेवाडीला अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली. तिच्यात ‘वजीर’ नावाचा एक खेळाडू आणला, पाठलाग करताना हव्या त्या दिशेला वळायची मुभा असलेला. धावक ठरावीक वेळेहून जास्त टिकले तर त्यांनाही गुण, त्याला ‘ड्रीम रन’ म्हणतात. टीव्हीवर खेळ छान दिसतो, पोरं बघतात, ही मोठीच गोष्ट आहे. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला विश्वचषक झाला. प्रियांका इंगळेच्या संघाने नेपाळला ७८-४० आणि प्रतीक वाईकरच्या संघाने नेपाळलाच ५४-३६ असं हरवलं. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. पण वजिराबद्दल माझ्या मनात किंतु आहे. मागे फिरता येत नाही म्हणून खो द्यावा लागतो, आणि खो द्यावा लागतो म्हणून डोकं लागतं. एकाला ती अट माफ केली की नजर त्याच्यावर जाते, आणि बसलेल्यांमधल्या समजूतदार मुलीकडे आणखी कमी जाते. लीगवाले म्हणतील, वजीर हाच तर डाव रचणारा. असेल. पण तो मोकळा आहे म्हणून रचतो. बांधलेल्या हातापायांनी रचणं ही वेगळी करामत आहे.

नुसते खो मोजून भागणार नाही, हेही खरं. तसं केलं तर ती पहिली, धडाधड खो देणारी मुलगीच पुन्हा वर येईल. ऑस्ट्रेलियात चेंडू हाताळण्याच्या आकड्यांचं जे झालं तेच.

म्हणून मी माझ्यापुरती एक पद्धत ठेवली आहे, ज्या पालकांना मैदानावर दोन तास उभं राहायचंच असतं त्यांच्यासाठी सांगतो. साधी वही घ्या. खेळाडूंचे क्रमांक उभे लिहा. गडी बाद झाला की बाद करणारीपुढे उभी रेघ. तिला खो देणारीपुढे एक टिंब, आणि त्याच्या आधीचा खो देणारीपुढे आणखी एक टिंब. एवढंच. खो चुकला तर फुली. सुरुवातीला हात गडबडतो, कारण आपली नजर धावकाच्या मागे जाते आणि खो कोणी दिला ते निसटतं. दोन जणांनी मिळून लिहिलं तर सोपं, एकाने क्रमांक बोलायचे, दुसऱ्याने टिंब मारायचं. पाच-सहा सामन्यांनंतर पान बघा. काही नावांपुढे रेघा कमी आणि टिंबं रांगेने दिसतील. ते पान संघनिवडीच्या आदल्या दिवशी सरांच्या हातात द्या.