बागेंतील प्रयोगाचा शोधनिबंध कसा सिद्ध करावा

आंब्याला मोहोर येऊं लागला कीं रत्नागिरी जिल्ह्यांतील प्रत्येक बाजारपेठेंत नव्या औषधांच्या गोष्टी सुरू होतात. अमक्या फवारणीनें फळगळ थांबली, तमक्या खतानें साका नाहींसा झाला, फुलकिडे एका दिवसांत गेले, असें छातीठोकपणें सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु किती झाडांवर, कोणत्या जमिनींत, कोणत्या वर्षीं, आणि औषध न मारलेल्या झाडांची त्याच बागेंत काय स्थिति होती, असा प्रश्न केला असतां बहुधा उत्तर मिळत नाहीं. उलटपक्षीं, ज्या बागाइतदारांनीं तीस-तीस वर्षें आपलीं झाडें डोळ्यांत तेल घालून पाहिलीं आहेत, त्यांचें ज्ञान कागदावर न आल्यामुळें त्यांच्याबरोबरच नाहींसें होतें. या दोन्ही गोष्टींवर उपाय एकच आहे. केलेलें काम दुसऱ्यास पडताळून पाहतां येईल अशा रीतीनें लिहून काढावें व तें जाणत्यांच्या परीक्षेस घालावें. शास्त्रीय नियतकालिकांत छापल्या जाणाऱ्या शोधनिबंधाचें मर्म एवढेंच आहे. असा निबंध कसा सिद्ध करावा, याची माहिती प्रस्तुत लेखांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शेतकऱ्याचा यांत संबंध काय.— साक्याचेंच उदाहरण घेऊं. फळ वरून निर्दोष, देंठ चांगला, रंग चांगला; परंतु कापल्यावर आंत पांढुरका, आंबूस व भुसभुशीत गर निघतो आणि बागाइतदाराची पत जाते. सन १९३२ व १९३३ मध्यें युरोपांत आंबे पाठवून पाहण्यांत आले, त्या कामाचा चीमा व दाणी यांचा अहवाल मुंबई शेतकी खात्यानें १९३४ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत या दोषाची नोंद आहे. पुढें कित्येक संशोधकांनीं जमिनीपासून येणाऱ्या उष्णतेकडे बोट दाखविलें व झाडाखालीं पालापाचोळ्याचें आच्छादन घालून पाहिलें. वेंगुर्ला येथील फळ संशोधन केंद्रानें नीलम व हापूस यांच्या संकरापासून साका न होणारा ‘रत्ना’ हा वाण १९८१ सालीं बाहेर आणला. सन २००४ मध्यें ‘करंट सायन्स’ या बंगळूरच्या नियतकालिकांत रवींद्र व शिवशंकर यांनीं या दोषाचा संबंध फळांतील कोयीशीं जोडला. एकाचें म्हणणें दुसऱ्यानें तपासलें, कांहीं राखलें, कांहीं बदललें. पहिल्यानें आपलें काम लिहून ठेवलें नसतें, तर दुसऱ्यास पुन्हां श्रीगणेशा करावा लागला असता. कोंकणांतील बागाइतदार हा या विद्येचा केवळ गिऱ्हाईक नाहीं. प्रयोग त्याच्याच झाडांवर होतात आणि नफानुकसान त्याच्याच पदरांत पडतें. म्हणून निबंध लिहावयाचा असो वा नुसता पारखावयाचा असो, त्याची रचना त्यास कळली पाहिजे.

लेखणीच्या आधीं प्रयोग.— चांगल्या भाषेनें वाईट प्रयोग सुधारत नाहीं. ‘गेल्या वर्षीं झाडास शंभर फळें होतीं, यंदा औषध दिल्यावर तीनशें आलीं’ या वाक्यास शास्त्रांत कवडीची किंमत नाहीं. कारण हापूस एका वर्षाआड भरतो, आणि औषध न देतांही तींच तीनशें फळें आलीं असतीं. यासाठीं त्याच बागेंत, त्याच वर्षीं, औषध न दिलेलीं झाडें तुलनेकरितां राखलीं पाहिजेत. एकेका झाडानेंही भागत नाहीं. समजा, नवें औषध, नेहमींचें औषध व नुसतें पाणी अशा तीन गोष्टी पाहावयाच्या आहेत. आमच्याकडील बागा कातळाच्या उतारावर असतात. माथ्यावरील झाड व पायथ्याचें झाड यांची माती व ओल सारखी नसते. तेव्हां उतारावर सहा गट पाडावे, प्रत्येक गटांत वयानें व विस्तारानें सारखीं तीन झाडें निवडावीं, आणि गटांतील कोणत्या झाडास काय द्यावें हें चिठ्या टाकून ठरवावें. अशीं अठरा झाडें झालीं. चिठ्ठी टाकण्याचें कारण असें कीं, मनुष्य स्वतः निवडूं लागला म्हणजे नकळत चांगलें झाड नव्या औषधास देतो. इंग्लंडांतील रोथॅमस्टेड येथें काम करणाऱ्या फिशर यांनीं १९२० नंतरच्या दशकांत ही पद्धति घालून दिली; आपल्या देशांत पानसे व सुखात्मे या दोघां महाराष्ट्रीयांच्या १९५४ सालच्या ग्रंथानें ती शेतकी संशोधकांच्या हातीं पोंचविली. संख्याशास्त्रज्ञाचा सल्ला प्रयोग मांडण्यापूर्वींच घ्यावा. हंगाम उलटल्यावर त्यास कांहीं करतां येत नाहीं.

वही.— निबंधाचा पाया बागेंतील वहींत असतो. तारीख, पाऊस, फवारणीची वेळ, औषधाचें प्रमाण, मोहोर दिसल्याचा दिवस, प्रत्येक झाडाचीं फळें व त्यांचें वजन हीं सर्व जागच्या जागीं लिहावीं. रात्रीं घरीं आठवून लिहूं नयेत. एखादें झाड वादळांत मोडलें वा चोरी झाली तर तेंही लिहावें. आंकडा खोडावयाचा झाल्यास एक रेघ मारून वर नवा लिहावा, म्हणजे जुना वाचतां येतो. परीक्षकानें शंका काढली असतां हीच वही साक्षीस उभी राहते.

नियतकालिकाची निवड.— लिहावयास बसण्यापूर्वीं निबंध कोठें पाठवावयाचा हें ठरवावें. ‘इंडियन जर्नल ऑफ ॲग्रिकल्चरल सायन्सेस’, ‘इंडियन जर्नल ऑफ हॉर्टिकल्चर’, महाराष्ट्रांतील कृषि विद्यापीठांचें नियतकालिक, आणि किनाऱ्यावरील शेतीस वाहिलेलें नियतकालिक, या प्रत्येकाचें क्षेत्र निराळें आहे. त्याचे अलीकडचे तीन-चार अंक वाचावे व ‘लेखकांस सूचना’ या नांवाचें पान शब्दशः पाळावें. निबंधाची लांबी, कोष्टकांची रीत, संदर्भ देण्याची पद्धति हीं सर्व तेथें दिलेलीं असतात. पुष्कळ निबंध परीक्षकाकडे न जातां संपादकाच्या मेजावरूनच परत येतात. त्यांचा विषय त्या नियतकालिकाचा नसतो किंवा सूचना पाळलेल्या नसतात. भाषा बहुतेक ठिकाणीं इंग्रजी लागते. परंतु विचार मराठींत पक्का करून मग विद्यापीठांतील एखाद्या संशोधकाबरोबर इंग्रजी खर्डा करण्यास कांहीं हरकत नाहीं.

लिहिण्याचा क्रम.— निबंध छापतांना मथळा, सारांश, प्रस्तावना, साहित्य व पद्धति, निष्कर्ष, विवेचन, संदर्भ असा क्रम असतो. लिहितांना मात्र तो उलटासुलटा करावा. प्रथम कोष्टकें तयार करावीं. कोष्टकांत काय निघालें हें दिसल्यावांचून काय लिहावयाचें हें कळत नाहीं. प्रत्येक कोष्टक स्वतंत्रपणें वाचतां आलें पाहिजे. त्यावर मथळा, प्रत्येक रकान्यास माप, व खालीं दोन सरासऱ्यांमधील किती फरक खरा धरावा याचा आंकडा असावा. तराजूनें अर्ध्या किलोपर्यंतच वजन कळत असेल, तर सरासरी दशांशाच्या तीन घरांपर्यंत देणें हा भपका होय.

दुसरें, पद्धति. हा भाग असा लिहावा कीं देवगडच्या बागाइतदारास आपल्या बागेंत तोच प्रयोग हुबेहुब करतां यावा. दापोली येथील कृषि विद्यापीठांतील बुरोंडकर व गुंजाटे यांचा पॅक्लोब्युट्राझॉलविषयींचा निबंध १९९३ सालीं ‘ॲक्टा हॉर्टिकल्चुरी’ या मालेंत छापला गेला, व हें द्रव्य आज कोंकणांत घरोघर माहीत आहे. त्याची मात्रा कशी सांगतात तें पाहा: झाडाच्या विस्ताराच्या व्यासाच्या दर मीटरास पाऊण ग्रॅम क्रियाशील द्रव्य. म्हणजे सहा मीटर विस्ताराच्या झाडास साडेचार ग्रॅम. बाटलींतील औषधांत दर शंभर मिलिलिटरांत पंचवीस ग्रॅम क्रियाशील द्रव्य असेल तर तें अठरा मिलिलिटर झालें. ‘झाडास अर्धें बूच दिलें’ असें लिहिलें असतें तर बूच कोणत्या बाटलीचें व झाड केवढें हें कोणासही कळलें नसतें, आणि जास्त मात्रेनें झाडें खुरटलीं असतीं. पद्धतींतील ढिलाई ही अशी दुसऱ्याच्या बागेंत जाऊन नुकसान करते. बागेचें ठिकाण, माती, झाडांचें वय व अंतर, वाणाचें नांव, औषधांतील घटक व त्याचें प्रमाण, दिल्याची तारीख, आंकडे काढण्याची रीत हीं सर्व यांत यावीं.

तिसरें, निष्कर्ष. येथें फक्त काय आढळलें तें सांगावें; कां आढळलें हें पुढें. कोष्टकांतील प्रत्येक आंकडा वाक्यांत पुन्हां सांगूं नये, मुख्य तेवढा उचलावा. जें मनाविरुद्ध निघालें तेंही द्यावें. औषधाचा उपयोग झाला नाहीं, हाही निष्कर्षच आहे. त्यानें शेंकडों शेतकऱ्यांचा पैसा वांचतो.

चौथें, विवेचन. आपलें फळ पूर्वींच्या कामाशीं जुळतें कीं नाहीं, न जुळल्यास कारण काय असावें, व आपल्या म्हणण्याची मर्यादा कोठवर, हें सांगावें. एका बागेंत दोन वर्षें पाहिलेल्या गोष्टीवरून सबंध कोंकणास उपदेश करूं नये. मग प्रस्तावना लिहावी. तींत तीन गोष्टी पुरेत: आजवर काय माहीत आहे, काय माहीत नाहीं, आणि आपण काय पाहावयाचें ठरविलें. आंब्याचें माहात्म्य गाण्यांत पान खर्चूं नये. संदर्भांत आपण स्वतः वाचलेलेच निबंध द्यावे. दुसऱ्याच्या यादींतून उचललेल्या नांवांनीं जुन्या चुका पिढ्यान्‌पिढ्या चालतात.

सर्वांत शेवटीं सारांश व मथळा. सारांश बहुधा दोनशें ते अडीचशें शब्दांचा असतो, आणि बहुतेक वाचक तेवढाच वाचतात. म्हणून त्यांत मुख्य आंकडा आलाच पाहिजे. मथळा नेमका असावा. ‘आंब्याविषयीं कांहीं विचार’ हा मथळा नव्हे. ‘कातळावरील हापुसाच्या फळगळीवर आच्छादनाचा परिणाम’ हा मथळा होय.

सचोटीचे नियम.— ज्यानें कल्पना काढली, प्रयोग केला, आंकडे तपासले वा निबंध लिहिला, व जो त्यांतील मजकुरास जबाबदार राहण्यास तयार आहे, तोच लेखक. नुसत्या अधिकाराच्या जागेमुळें कोणाचें नांव घालूं नये. ज्याच्या बागेंत प्रयोग झाला त्याचे आभार मानावे. त्यानें प्रयोग मांडण्यांत व नोंदींत खरोखर भाग घेतला असेल, तर लेखकांत त्याचें नांव येणें न्यायाचें आहे, आणि तें त्यानें आधींच बोलून ठेवावें. औषध कंपनीनें फुकट दिलें असल्यास तें उघड लिहावें. दुसऱ्याचीं वाक्यें आपलीं म्हणून घालूं नयेत. एकच निबंध एका वेळीं दोन ठिकाणीं पाठवूं नये, आणि तोच मजकूर आधीं मराठींत छापावयाचा झाल्यास नियतकालिकाच्या संपादकास विचारून घ्यावें. कोणाच्या बागेंत नवा वाण निघाला असेल, तर त्याची नोंदणी ही निराळी गोष्ट आहे. २००१ च्या कायद्याप्रमाणें ती शेतकऱ्यास स्वतः करतां येते, निबंध छापून ती होत नाहीं.

परीक्षण.— निबंध हल्लीं बहुतेक संगणकावरूनच पाठवितात. सोबत संपादकास थोडक्यांत पत्र असावें. संपादक तो त्या विषयांतील दोघांतिघां जाणत्यांकडे देतो. उत्तरास कांहीं महिने लागतात, आणि तें बहुधा दुरुस्त्यांसहित येतें. यांत अपमान मानूं नये. परीक्षकाची प्रत्येक सूचना क्रमांक घालून लिहावी व तिच्याखालीं काय बदललें, किंवा कां बदललें नाहीं, हें सभ्य शब्दांत सांगावें. निबंध नाकारला गेला तर दोष सुधारून दुसरीकडे पाठवावा; न सुधारतां पाठविला तर तीच टीका पुन्हां पदरीं येते.

येथें एक इशारा द्यावासा वाटतो. पैसे भरा, आठ दिवसांत छापून देतों, अशीं पत्रें धाडणारीं नियतकालिकें हल्लीं माजलीं आहेत. छपाईबद्दल शुल्क घेणें एवढ्यानेंच एखादें नियतकालिक खोटें ठरत नाहीं; चांगलींही कित्येक तें घेतात. खूण ही कीं तेथें परीक्षण होतें कीं नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची यादी २०२५ सालीं बंद झाल्यामुळें ही पारख आतां लेखकावर व त्याच्या संस्थेवर आहे. राष्ट्रीय कृषि विज्ञान अकादमी शेतकी नियतकालिकांस गुण देते, ते पाहावे. संपादक मंडळांतील माणसें खरीं आहेत कीं नाहींत याची चौकशी करावी. अशा खोट्या छापाचा दाखला देऊन औषध विकावयास कोणी बागेंत आला, तर बागाइतदारानेंही हेच प्रश्न विचारावे.

आमच्या वाचकांपैकीं सर्वच शोधनिबंध लिहितील असें नाहीं, व तशी जरूरीही नाहीं. परंतु तुलनेचीं झाडें राखणें, चिठ्या टाकणें, मोजणें व त्याच दिवशीं लिहिणें, या चार गोष्टी ज्याच्या बागेंत होतात त्यास फसविणें कठीण असतें; आणि असे दहा बागाइतदार एका तालुक्यांत निघाले तर विद्यापीठांतील संशोधकास त्यांच्या वह्या टाळून पुढें जातां येणार नाहीं. येत्या मोहोरापूर्वीं एक कोरी वही बांधून घ्यावी, आणि पहिल्या पानावर प्रत्येक झाडास क्रमांक घालून त्याचें वय व विस्तार लिहून ठेवावा, एवढीच आमची शेतकरीबंधूंस सूचना आहे.