सिमला ऑफिसचा ओझोनमापक

संपादकांनी अंटार्क्टिकावर लिहायला सांगितलं, तेव्हा खरं तर गोव्याचं तिकीट काढायला हवं होतं. भारताची पहिली मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली होती. मी मात्र पुण्यात शिवाजीनगरला सिमला ऑफिसच्या स्टॉपवर उतरलो.

हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं आणि ते नाव इथे चिकटलं. पहिल्या मोहिमेपासून खात्याची माणसं अंटार्क्टिकाला जातात. मला ओढ होती ती त्यांनी तिथे उडवलेल्या इथल्या ओझोनसाँडची, म्हणजे फुग्याबरोबर वर जाणाऱ्या ओझोनमापकाची. उपकरणं आपल्याकडेच बनावीत हा खात्यातल्या हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅना मणी यांचा ध्यास होता; त्यांचे सहकारी सी. आर. श्रीधरन यांनी १९६८ मध्ये या भारतीय साँडवर शोधनिबंध लिहिला.

फुग्याला टांगलेल्या या डब्यातला इवलासा पंप बाहेरची हवा पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात बुडबुड्यांनी सोडतो. ओझोनच्या एकेका रेणूमागे आयोडीन सुटतं, दोन इलेक्ट्रॉन वाहतात. काही मायक्रोअँपिअरचा तो प्रवाह रेडिओवरून खाली कळतो. जमिनीवरचं यंत्र डोक्यावरचा एकूण ओझोन सांगतं. साँड सांगतो, कुठल्या उंचीवर किती. सप्टेंबर-ऑक्टोबरात अंटार्क्टिकावर १४ ते २० किलोमीटरच्या पट्ट्यात ओझोन जवळजवळ संपतो, हे अशा डब्यांनीच दाखवलं. या ओझोन-विवरातून अतिनील किरण समुद्रात उतरतात आणि वनस्पतीप्लवकांना इजा करतात. त्या प्लवकांवर क्रिल जगतं, क्रिलवर पेंग्विन आणि देवमासे. याच विवरामुळे दक्षिण महासागरावरचे पश्चिमी वारेही ध्रुवाकडे सरकले आहेत.

यंत्र मात्र हट्टी आहे. वर हवा विरळ होते तसा पंप कमी हवा ओढतो. ती तूट हिशेबात धरावी लागते. ध्रुवीय थंडीत रबरी फुगा कडक होऊन लवकर फुटतो. १९९६ मध्ये जर्मनीत युलिशला जगभरच्या साँडांची तुलना झाली, तेव्हा आपल्या साँडांची मापं इतरांपेक्षा जास्त विखुरलेली निघाली. मला काळजी वाटते ती इथेच. अंटार्क्टिकावरचं विवर २०६६ च्या आसपास भरेल असा अंदाज आहे. तोवर मोजणीची मालिका सलग हवी. मध्येच दुसरं यंत्र आणलं, तर जुनं-नवं एकाच फुग्याखाली पुन्हापुन्हा उडवून ताडून पाहावं लागेल. नाहीतर वाढलेला ओझोन खरा की नव्या यंत्राचा, हे ठरवायचं कसं?

शिवाय प्रत्येक साँड एकदाच उडतो. बर्फात पडला की बहुधा परत मिळत नाही, म्हणून चूक नंतर शोधता येत नाही. जे काय तपासायचं ते उड्डाणाआधी, टेबलावरच. ‘मैत्री’ या भारताच्या अंटार्क्टिक स्थानकावरचा निरीक्षक द्रावण भरतो, ओझोन नसलेली हवा त्यातून सोडतो आणि उरलेला प्रवाह स्थिर होण्याची वाट पाहत काट्याकडे बघत बसतो.