मान दुखायची थांबली, पण हातातला जोर गेला

आमच्या गव्हाणच्या बैठकीत एक वहिनी सहज बोलून गेल्या, "महिनाभर मान आणि खांदा ठणकत होता. आता दुखायचं थांबलंय. फक्त पाटावरून उजवा हात टेकून उठता येत नाही." आम्ही म्हणालो, चला, दुखणं तर गेलं! आम्ही चुकलो होतो. दुखणं कमी झालं आणि जोरही कमी झाला, तर ते बरं होणं नव्हे, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं. म्हणून आज हाच विषय घेतला.

आपल्या मानेत ७ मणके असतात. त्यांच्यामधून दोन्ही बाजूंना नसांच्या ८ जोड्या निघतात. त्यांतल्या खालच्या नसा खांद्यातून थेट बोटांपर्यंत जातात. दोन मणक्यांमध्ये मऊ गादी असते. ती सरकली, किंवा वयानुसार मणक्याला हाडाची टोकं वाढली, की नस दाबली जाते. मग दुखणं मानेपुरतं राहत नाही. हाताला कळ येते, मुंग्या येतात, आणि त्या नसेवर चालणारा स्नायू दुबळा होतो. दोष हाताचा नसतो, हाताला येणारा निरोप वाटेत अडलेला असतो.

कुठली नस दाबली, ते घरकामातूनही थोडंफार कळतं. दोरीवर कपडे वाळत घालायला किंवा वेणी घालायला हात वर जात नाही, तर मानेतली पाचवी नस. भरलेली बादली कोपरात वाकवून उचलता येत नाही, अंगठ्याला मुंग्या येतात, तर सहावी. हात टेकून उठता येत नाही, दार ढकलता येत नाही, मधलं बोट बधिर होतं, तर सातवी. वहिनींची हीच होती. कपडे पिळता येत नाहीत, मासळी साफ करताना पकड सुटते, करंगळी बधिर, तर आठवी. पण हा फक्त अंदाज. रात्री अंगठा आणि शेजारची बोटं बधिर होऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं, तेव्हा नस बहुधा मनगटात दाबलेली असते. मधुमेहातही हातपाय बधिर होतात. म्हणून निदान डॉक्टरांनीच करावं.

आमच्या आया-सासवांनी डोक्यावर मासळीच्या पाट्या, पाण्याचे हंडे, सरपणाचे भारे वाहिले. आता शेतं गेली, कामं बदलली, पण मान सुटली नाही. शिवणयंत्रावर, मोबाईलवर तासन्‌तास ती खालीच असते. दर अर्ध्या तासाने मान वर करा, खांदे फिरवा. उशी एकच आणि बेताची घ्या. ओझं डोक्यावर नको, दोन्ही हातांत वाटून घ्या.

कळ येत असेल तर हात डोक्यावर ठेवून बघा, पुष्कळ जणींना आराम पडतो. पण मान कुणाकडूनही मोडून घेऊ नका, जोरात चोळून घेऊ नका. पट्टाही डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस घाला. एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, नस दिसत नाही. जोर गेला असेल तर डॉक्टर एमआरआय किंवा नसांची तपासणी सांगतात. घाबरू नका, बहुतेकींना औषध आणि व्यायामाने दीड ते तीन महिन्यांत उतार पडतो, ऑपरेशन लागत नाही. मात्र जोर कमी होतच गेला तर थांबू नका. पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय आहे, कामोठ्याचं एमजीएम आहे.

आता घाईच्या खुणा. चालताना तोल जातो, दोन्ही हातांनी हुक-बटणं लागत नाहीत, लघवीवर ताबा राहत नाही, तर मज्जारज्जूवरच दाब असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा. अचानक तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघात असू शकतो. हात दुखण्याबरोबर छातीत दाटून घाम फुटला, तर हृदयविकार. दोन्ही वेळी लगेच १०८ ला फोन करा.

आमच्या वहिनी तीन महिने नेमाने व्यायाम करत आहेत. आता हात टेकून उठतात, जोर मात्र अजून पुरता आलेला नाही. त्या म्हणतात, "दुखत होतं तेव्हाच गेले असते तर!" घरातल्या सगळ्यांचं दुखणं आपण वेळेवर बघतो. आपलंही बघूया.