आंदोलक : झोपाळ्यापासून खोडदच्या दुर्बिणीपर्यंत

'आंदोलन' हा शब्द तुम्ही वर्तमानपत्रात नेहमी वाचता. पण भौतिकीच्या पुस्तकात तो आला की मोर्चा किंवा रास्ता रोको असा त्याचा अर्थ नसतो. संस्कृतात 'दोला' म्हणजे झोपाळा. त्यावरून आंदोलन म्हणजे झुलणे. गंमत अशी, की इंग्रजीतील 'ऑसिलेटर' हा शब्दही 'झुलणे' याच अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला आहे. ऑसिलेटर म्हणजे आंदोलक. हे नाव आज घड्याळात, रेडिओत, रसायनशास्त्रात, जीवशास्त्रात, खगोलशास्त्रातही आढळते. इतक्या निरनिराळ्या वस्तूंना एकच नाव का बरे दिले असावे?

उत्तरासाठी एक सोपा प्रयोग करू या. दोऱ्याला एक दगड बांधा. टांगलेल्या टोकापासून दगडाच्या मध्यापर्यंतचे अंतर १ मीटर ठेवा. दगड थोडासा बाजूला नेऊन सोडा आणि २० फेऱ्यांना लागणारा वेळ मोजा. तो सुमारे ४० सेकंद भरेल. आता दुप्पट वजनाचा दगड बांधा, पण लांबी तीच ठेवा. वेळ तोच येईल! दगड बाजूला गेला की गुरुत्वाकर्षण त्याला मध्याकडे ओढते. मध्यावर आला तरी तो थांबत नाही, कारण जडत्वामुळे तो पुढे निघून जातो. म्हणजे आंदोलकाला दोन गोष्टी हव्यात : मागे आणणारी ओढ आणि पुढे नेणारे जडत्व. हे दोन्ही जेथे असतील, तेथे आंदोलन होणारच; मग झुलणारी वस्तू डोळ्यांना दिसो वा न दिसो.

नारायणगावच्या तमाशाच्या फडातले तुणतुणे घ्या. तेथे ओढ ताणलेल्या तारेची असते आणि जडत्व तारेच्या वस्तुमानाचे. रेडिओत ना दोरा, ना तार झुलते. तेथे कंडेन्सर आणि तारेचे वेटोळे जोडलेले असते. साठलेला विद्युतभार परतू पाहतो, ही ओढ. वाहता प्रवाह एकदम थांबू न देणे हे वेटोळ्याचे काम, हे जडत्व. येथे झुलतो तो विद्युतप्रवाह. मनगटी घड्याळातला क्वार्ट्‌झचा लहानसा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. १९०० मध्ये माक्स प्लांक यांनी आंदोलकाची ऊर्जा ठरावीक हिश्श्यांतच घेता-देता येते असे मानले आणि त्यातून पुंजवादाचा आरंभ झाला.

तुमचा दगड मात्र काही वेळाने थांबतो, कारण हवेच्या विरोधात त्याची ऊर्जा खर्च होते. आंदोलन चालू ठेवायचे तर झोपाळ्याला योग्य क्षणी झोका द्यावा लागतो. घड्याळात हे काम बॅटरी करते. आपल्या हृदयात तर ठोक्यांची लय ठरविणाऱ्या पेशी आहेत. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेवर त्या आपली लय जन्मभर राखतात. १९५० च्या सुमारास रशियन रसायनज्ञ बेलौसोव्ह यांना एक द्रावण आढळले. ते आपोआप पिवळे होई, मग रंगहीन, पुन्हा पिवळे! प्रथम कोणी विश्वासच ठेवीना. अशा रासायनिक आंदोलकात जडत्व नसते. एक क्रिया दुसरीला उशिरा आवरते, आणि हा उशीरच जडत्वाची जागा घेतो.

पण सावधान! पुन्हापुन्हा घडणारी प्रत्येक गोष्ट आंदोलक नव्हे. पल्सार हा तारा ठरावीक वेळाने रेडिओ-स्पंद पाठवतो, पण तो झुलत नसतो, स्वतःभोवती फिरत असतो. दीपगृहाचा झोत जसा फिरून आपल्यावर येतो, तसेच हे. मध्याकडे ओढणारे तेथे काही नाही.

आता जुन्नर तालुक्यातील खोडदला चला. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकात उभी राहिलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी, येथे आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आजूबाजूच्या गावांत सुमारे २५ किलोमीटरपर्यंत विखुरलेल्या आहेत. हायड्रोजनचा अणू १४२० मेगाहर्ट्‌झ वारंवारतेची, म्हणजे २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर सोडतो. सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेली अशी लहर या दुर्बिणीने टिपल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. वाटेत विश्व प्रसरण पावल्यामुळे लहर ताणली गेली होती. येथे पोहोचताना तिची वारंवारता सुमारे ६२० मेगाहर्ट्‌झ उरली होती.

इतकी जलद लहर हाताळणे अवघड. म्हणून दुर्बिणीच्या यंत्रणेत स्वतःचा एक आंदोलक असतो. समजा, तो ५५० मेगाहर्ट्‌झचा आहे. दोन्ही लहरी मिसळल्या की ७० मेगाहर्ट्‌झचा फरक हाती येतो, आणि आकाशातील माहिती त्यात जशीच्या तशी राहते. तीसही तबकड्यांच्या लहरी एकमेकींशी जुळाव्यात म्हणून त्यांच्यासाठी वापरलेले आंदोलक एकाच प्रमाण घड्याळाच्या लयीत चालवावे लागतात.

खरी अडचण पुढेच आहे. मोबाइल फोनमध्येही आंदोलक असतो. विजेच्या ठिणगीतून तर अनेक वारंवारतांच्या लहरी एकदम निघतात. जवळच्या या लहरींपुढे आकाशातून आलेली क्षीण लहर सहज बुडून जाते. नारायणगावजवळून जाणाऱ्या पुणे-नाशिक रेल्वेमार्गाचा प्रश्न २०२४-२५ मध्ये याच कारणाने चर्चेत आला. दुर्बिणीला बाधा नको म्हणून मार्ग बदलण्याचा विचार पुढे आला, तर मूळ मार्गच हवा ही मागणी जुन्नर-आंबेगावच्या लोकांनी लावून धरली. टोमॅटो-कांदा पिकविणाऱ्या या भागाला रेल्वे हवी, हे योग्यच आहे. आणि जी लहर एकदा गोंगाटात हरवली ती पुन्हा ऐकता येत नाही, हेही खरेच आहे. अशा प्रश्नावर मत बनविण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे आकडे मागायला हवेत. त्यासाठी वारंवारता म्हणजे काय, हे आधी कळले पाहिजे.

२८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञानदिनानिमित्त खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते. शिक्षकांबरोबर अवश्य जा. तेथे फोन बंद ठेवायला सांगतील. का, ते सोबतच्या धाकट्या भावंडांना आता तुम्हीच समजावून सांगा. आणि जमल्यास दोरा व दगड बरोबर न्या.