शून्याचें प्रमाणपत्र

धनसंख्या व तितकीच ऋणसंख्या यांची बेरीज शून्य होते, हा नियम ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथांत सांगून ठेविला. तेंच शून्य हल्लीं व्यापाराच्या जाहिरातींत झळकूं लागलें आहे. कोणी कापडाचा कारखानदार, कोणी विमान-कंपनी, कोणी साबणाचा उत्पादक ‘आमचें कर्ब-उत्सर्जन निव्वळ शून्य’, म्हणजेच ‘नेट झीरो’, असें जाहीर करितो. चिमणींतून धूर तर निघतच असतो. मग हें शून्य आलें कोठून, तें कोणीं मोजलें आणि त्यावर शिक्का कोणाचा? ज्या घरांतील मुलगे, मुली व सुना आज कारखाने चालवितात किंवा कंपन्यांचे हिशेब तपासतात, त्या घरांनीं या प्रश्नाचा विचार करणें अगत्याचें आहे.

कल्पनेचें मूळ असें. वातावरणांत जितका कर्बवायु सोडला जाईल तितकाच शोषला जावा, असा समतोल या शतकाच्या उत्तरार्धांत साधावा, असें २०१५ च्या पॅरिस करारांत ठरलें. तापमानवाढ दीड अंशाच्या आंत ठेवावयाची तर जगाचें कार्बन डायऑक्साइडचें उत्सर्जन २०५० च्या सुमारास निव्वळ शून्यावर यावें लागेल, असें शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळानें २०१८ सालीं सांगितलें. भारतानें २०२१ च्या नोव्हेंबरांत ग्लासगो येथें २०७० ही मुदत जाहीर केली. राष्ट्राचें उत्सर्जन म्हणजे बव्हंशीं त्याच्या उद्योगांचें उत्सर्जन. म्हणून कारखानदारास हिशेब शिकवून शून्यापर्यंत नेणारा सल्लागार, हा एक नवाच व्यवसाय उदयास आला.

या सल्लागाराचें पहिलें काम उपदेशाचें नसून वहीखात्याचें असतें. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल’ या हिशेबपद्धतींत तीन खातीं आहेत. आपल्या भट्टींत, जनित्रांत व गाड्यांत जळालेलें इंधन पहिल्या खात्यांत; विकत घेतलेली वीज दुसऱ्यांत; आणि कच्चा माल, वाहतूक, विकलेल्या वस्तूचा वापर इत्यादि सर्व तिसऱ्यांत. कोल्हापुराकडे ओतकामाचे कारखाने पुष्कळ आहेत. त्यांपैकीं एखादा वर्षाला दहा लक्ष युनिट वीज व दहा हजार लिटर डिझेल वापरतो असें समजूं. आपल्याकडील एका युनिटामागें सुमारें ०.७ किलो व एका लिटर डिझेलमागें सुमारें २.७ किलो कर्बवायु धरल्यास विजेचे ७०० टन होतात, आणि डिझेलचे अवघे २७! मालकाच्या डोळ्यांत धूर जातो तो जनित्राचा. पण खरा बोजा असतो तो दूरच्या औष्णिक वीजकेंद्रांत जळालेल्या कोळशाचा. तिसरें खातें तर याहूनहि भारी होण्याचा संभव. कारण कोकच्या झोतभट्टींत एक टन कच्चें लोखंड तयार होतांना दीड टनाहून अधिक कर्बवायु निघतो. मोजल्यावांचून हें दिसत नाहीं, आणि दिसल्यावांचून योग्य ठिकाणीं हात घालतां येत नाहीं.

आतां शून्य गांठण्याचे मार्ग दोन. पहिला, धनसंख्याच लहान करीत नेणें. दुसरा, ती तशीच ठेवून बाजारांतून ऋणसंख्या विकत आणणें. गळक्या नळ्यांवाटे दाबाच्या हवेचा पांचवा हिस्सा वांया जाणें, ही कारखान्यांत नित्याची गोष्ट आहे. ती गळती बंद करणें, जुन्या मोटारी बदलणें, भट्टीची वांया जाणारी उष्णता पुन्हा कामीं लावणें, छपरावर सौर पट्ट्या बसविणें, हा पहिला मार्ग होय. दुसऱ्या मार्गांत दूर देशींचें एखादें रान राखल्याबद्दलचीं पत्रकें खरेदी करून खात्यांत वजाबाकी मांडावयाची. परंतु तें रान पत्रकांवांचूनहि राहिलें असतें, तर वजाबाकी खोटी ठरते. झिंबाब्वेमधील करीबा येथील प्रसिद्ध वन-योजनेवर असेच आक्षेप आल्यानंतर तिचीं पत्रकें विकणाऱ्या स्विस कंपनीनें २०२३ सालीं तिच्याशीं असलेला करार सोडून दिला. आमच्या शास्त्रकारांचा पंकप्रक्षालनन्याय येथें अक्षरशः लागू पडतो: चिखल लावून घेऊन मग धूत बसण्यापेक्षां चिखलापासून दूर राहणेंच बरें.

सुदैवानें शिक्का मारणाऱ्यांनींहि हा विवेक स्वीकारला आहे. ‘सायन्स बेस्ड टार्गेट्स’ या उपक्रमाच्या ऑक्टोबर २०२१ च्या मानकाप्रमाणें बहुतेक उद्योगांनीं २०५० पर्यंत उत्सर्जनांत सुमारें ९० टक्के प्रत्यक्ष घट केली पाहिजे; राहिलेल्या अवशेषापुरताच वातावरणांतून कर्बवायु काढून घेण्याचा उपाय मान्य होतो. केवळ पत्रकांच्या जोरावर आपला माल ‘कर्बनिरपेक्ष’ म्हणून विकण्यास बंदी करणारा निर्देश युरोपीय संघानें २०२४ सालीं संमत केला. हिशेबाची तपासणीहि त्रयस्थाकडून व्हावी लागते. आम्हीं जन्मभर शाळेंत काढला. शिकविणारा आणि परीक्षक एकच असला म्हणजे निकाल किती उत्तम लागतात, हें आम्हांस सांगावयास नको! ज्या सल्लागारानें शून्याची वाट दाखविली त्यानेंच प्रमाणपत्र दिलें, तर त्या कागदाची किंमत शाईइतकीहि नाहीं.

हा केवळ पुण्यसंचयाचा विषय आहे असें मात्र कोणीं समजूं नये. लोखंड, पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतें इत्यादि मालावर युरोपीय संघानें सीमेवरील कर्बशुल्काची व्यवस्था केली. ऑक्टोबर २०२३ पासून माहिती देणें सक्तीचें झालें आणि २०२६ च्या आरंभापासून शुल्काचा प्रत्यक्ष अंमल ठरविण्यांत आला. इकडे ‘सेबी’नें २०२२–२३ पासून पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांस पर्यावरणविषयक अहवाल बंधनकारक केला. मोठी कंपनी आपलें तिसरें खातें भरावयास बसली कीं तिचा प्रश्न लहान पुरवठादाराकडे येतो: ‘तुमचा आंकडा काय?’ ज्यापाशीं उत्तर नाहीं, त्याचें काम उद्यां आंकडा सांगणाऱ्याकडे जाण्याचें भय आहे; आणि त्याच्याबरोबर ओतशाळेंतील दहा-वीस कुटुंबांच्या चुलीचाहि प्रश्न उभा राहतो. मोठ्यांस सल्लागार परवडतो, लहानास परवडत नाहीं. हें या व्यवहारांतलें खरें वैषम्य होय.

म्हणून आमची सूचना अशी कीं, ज्यांचा लहानमोठा उद्योग आहे त्यांनीं सल्लागाराची वाट न पाहतां एका वर्षाचीं वीजबिलें, इंधनाच्या पावत्या व कच्च्या मालाच्या खरेदीचे टनांतील आंकडे एकत्र करावे. घरांतील एखाद्या कॉलेजांत शिकणाऱ्या मुलीस किंवा मुलास बसवून वर सांगितलेली गुणाकाराची रीत लावावी. तें वर्ष हें मोजमापाचें आधारवर्ष ठरेल, आणि पुढील प्रत्येक वर्षाची प्रगति त्याच्याशींच ताडून पाहतां येईल. प्रमाणपत्र केव्हां मिळेल तें मिळो. गळक्या नळीची बचत पहिल्याच महिन्याच्या बिलांत दिसूं लागेल.