पाण्याखालचें अरण्य

आम्हां अहेरीकरांचें अरण्य सागाचें आणि पाणी प्राणहितेचें. पाण्याखालींहि अरण्य असतें, हें मला मालवणास कळलें. सिंधुदुर्गाच्या परिसरांतील २९.१२ चौरस किलोमीटरांचें सागरी अभयारण्य १९८७ सालीं जाहीर झालें. डोळ्यांवर कांच चढवावी, तोंडांत श्वासनळी धरावी आणि पालथें तरंगावें. नळीचें टोंक पाण्याबाहेर राहतें, म्हणून श्वास अखंड चालतो. खालीं दिसणारें प्रवाळ हा दगड नव्हे. इवल्या जीवांनीं चुन्याचीं घरें बांधून वसविलेली ती वसाहत आहे. त्यांच्या अंगांतील सूक्ष्म शैवाल उन्हावर अन्न करून त्यांस पोसतें. पाणी फार तापलें कीं शैवाल निघून जातें व प्रवाळ पांढरें पडतें; पाणी लौकर निवलें नाहीं, तर तें उपाशीं मरतें. सागाचें रोप आपण तुडवीत नाहीं. प्रवाळावरहि पाय ठेवूं नये.