केवलादेवच्या म्हशी

राजस्थानात भरतपूरजवळचं केवलादेव पक्ष्यांसाठी जगभर नावाजलेलं आहे. पण हे पाणथळ रान निसर्गानं एकट्यानं घडवलेलं नाही. भरतपूरच्या राजांनी बांध घातला, पाणी खेळवलं, पुढे तिथं बदकांची शिकार चाले. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात चार हजारांवर पक्षी पडले. आसपासच्या गावांच्या म्हशीही तिथंच चरत. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये चराई एकदम बंद केली. गावकरी खवळले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. हे सारं पक्ष्यांच्या भल्यासाठी! आणि पक्ष्यांचं काय झालं? पोटापर्यंत पाण्यात उतरून म्हैस जे गवत ओरबाडायची, ते खाणारं कुणी उरलं नाही. गवताची दाट गादी तळ्यावर पसरली, मोकळं पाणी झाकलं गेलं, बदकांना पोहायला जागा उरेना. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं दीर्घ अभ्यास करून सांगितलं की चराईबंदीनं या पाणथळीचं नुकसानच झालं.

माणूस हटवला की रान आपोआप सावरतं, हे गृहीतच तपासून घ्यायला हवं, असं म्हणूनच मला वाटतं. यावर आक्षेप येतो तो वाघाचा, आणि तो खरा आहे: वाघिणीला पिल्लं वाढवायला निवांत जागा लागते, वाढती गुरं आणि सरपणाची तोड रानाला सोसत नाही. पण त्यावरून सगळी माणसं सगळ्या रानाला सारखीच घातक ठरत नाहीत. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथला बांबू कधी, किती तोडायचा हे आता ग्रामसभा ठरवते. बांबू संपला तर उद्याची मजुरी त्यांचीच बुडणार, मग त्याची काळजी त्यांच्याइतकी कोण घेईल? बाजाराच्या मोहात तेही चुकू शकतात, हे मान्य. पण चुकलेला निर्णय भरसभेत पुन्हा मांडता येतो. भरतपूरच्या गावकऱ्यांना तशी जागाच नव्हती. म्हशींनी गवताचं काय होतं, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या त्या माणसांना बंदीआधी कुणी विचारलं असतं, तर? २००६ चा वनहक्क कायदा नेमकं हेच मागतो: वन्यप्राण्यांसाठी गाव उठवायचं असेल, तर आधी हक्क नोंदवा, माणसांमुळे भरून न येणारी हानी होते हे दाखवून द्या, सहजीवनाचा दुसरा मार्ग उरला नाही याची खात्री करा, आणि ग्रामसभेची संमती घ्या. नव्या जागी घरं-जमिनी तयार होईपर्यंत कुणालाही हलवता येत नाही.